माझ्या हातचे चौदा गोल

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आजवर मी लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर आमच्या वस्तीत, पुऱ्यात, कोणाचा अर्ज लिहून दिला तेवढंच. आणि एकदा एक यादी लिहिली. ती लिहिली नसती तर हे लिहायची वेळ आली नसती. यात कुठं भाषा चुकली, किंवा मी स्वतःचीच बाजू घेतोय असं वाटलं, तर वाचणाऱ्यानं खुशाल माझ्यावर संशय घ्यावा. मी रागावणार नाही. या सगळ्यात संशय घ्यायला सगळ्यात जास्त उशीर मीच केला.

"उठ बे. खुर्ची इलेक्शनपुरती होती."

हे मला पिंटूभाऊ म्हणाले. जिल्हा परिषदेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बापूसाहेबांच्या अंगणात, आमच्या बौद्धपुऱ्यातल्या पंचवीस-तीस बायामाणसांसमोर.

आमचं गाव धामणगाव रेल्वेच्या बाजूला आहे. गावात सगळ्यात जास्त वावर, म्हणजे शेतजमीन, बापूसाहेबांचं. धान्याचं गोदामही त्यांचंच. पिंटूभाऊ त्यांचा मुलगा. जिल्हा परिषदेची आमची जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून पिंटूभाऊंच्या बायकोला उभं केलं होतं. पत्रकावर फोटो वहिनींचा, हात जोडलेला. मतं मागायला मात्र बापूसाहेब फिरायचे. वहिनींचा आवाज गावातल्या कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही.

लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची होती ती. त्या अंगणात आमच्या पुऱ्यातला माणूस खुर्चीवर बसत नाही. तशी कोणी बंदी घातलेली नाही. फक्त कोणी बसत नाही. मी मात्र निवडणुकीआधीचे तीन आठवडे तिच्यावर बसलो होतो, लिंबाच्या झाडाखाली, समोर टेबल, टेबलावर यादी. त्या सकाळी आत आलो, खुर्ची तिथंच दिसली, आणि सवयीनं बसलो. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूनं काम केलेला माणूस आहे.

मी उठलो. उठताना थोडा हसलोसुद्धा. खुर्चीचं मला एवढं वाईट वाटलं नाही. आपण हसलो, हे मात्र अजून आठवतं.

आता यादीचं सांगतो.

मी अमरावतीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र विषय आहे. निवडणूक लागली तेव्हा सुट्टीत गावी आलो होतो. पिंटूभाऊ स्वतः पुऱ्यात आले, आमच्या दारासमोर मोटारसायकल उभी केली आणि मायला म्हणाले, "मावशी, प्रोफेसरले थोडा वेळ आमच्याकडं पाठवजा. त्याचं अक्षर चांगलं हाय." बाबा मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून अशा वेळी काय बोलायचं ते माय मनातच ठेवते. मी मात्र त्या 'प्रोफेसर' शब्दानं फुगलो. टिंगल होती हे आता कळतं.

काम साधं होतं. सरकारी छापील मतदार यादी द्यायची, आणि तिच्यावरून आमच्या केंद्राची यादी नव्यानं लिहून काढायची. छापील यादीत एका घरातली माणसं चार पानांवर विखुरलेली असतात. नवरा इथं, सून तिथं, म्हातारी तिसरीकडे. मी फुलस्केप कागद आणले, पट्टीनं रेघा मारल्या आणि घराघरानं नावं लावली. नाल्याकडून सुरू करून विहारापर्यंत. असं लाव म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. डोकं माझंच. बापूसाहेबांनी पानं उलटून पाहिली आणि आलेल्या दोन पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, शिकल्याचा हा फायदा असते." त्या दिवशी खुर्ची आली.

मग म्हणाले, आता घरोघर जा आणि कोणाचं मत कोणाला ते विचार. नावासमोर खूण कर. पक्कं असेल तर बरोबर. विरोधात असेल तर फुली. भरवसा नसेल तर गोल.

मी गेलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे इथं खरं सांगतो. कॉलेजात आम्ही सर्व्हे केला होता, पाण्याच्या नळांचा. हेही तसंच वाटलं. उलट त्याच वर्षी गुप्त मतदान या प्रश्नावर मी दोन पानं उत्तर लिहिलं होतं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. ते उत्तर आणि माझ्या हातातला कागद, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी अभ्यासात हुशार आहे असं सगळे म्हणतात.

लोकांनी पटापट सांगितलं. "लिव ना, बरोबर लिव." "आमी काय बापूसाहेबाच्या बाहीर हावो का?" वामनआजा, पुऱ्यातले सगळ्यात म्हातारे, म्हणाले, "तू म्हणशील तसं, बाप्पा." घरामागून घर. बरोबर, बरोबर, बरोबर. मला वाटलं, माझ्यावर लोकांचा किती विश्वास आहे.

काही घरी मात्र उत्तर मिळालं नाही. कोणी हसून विषय बदलला. कोणी म्हणालं, पाहू. आणि सुमनकाकू. त्या आमच्या गल्लीतल्याच. एकट्या राहतात, मुलगा अकोल्याला दाल मिलमध्ये कामाला आहे. त्या कापूस वेचून आल्या होत्या आणि ओट्यावर बसून पाय धूत होत्या. मी विचारलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तुले काहून पाह्यजे?"

मी म्हटलं, असंच, यादी करायची आहे.

"यादीत माह्यं नाव हाय ना? मंग झालं. पुढचं माह्यं मी पाहीन."

मी त्यांच्या नावासमोर गोल काढला.

असे चौदा गोल झाले. फुली एकही नाही. आज मागं पाहतो तेव्हा दिसतं की ज्यांनी बरोबर म्हटलं त्यांनी माझ्या हातातला कागद ओळखला होता. तो कोणासाठी आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ते माझ्याशी त्याच हिशेबानं बोलले. या चौदा जणांनी मला आपला समजून खोटं बोलायचं टाळलं. त्यांना गोल मिळाला.

शेवटी आमचं घर. माय तूर पाखडत होती. मी गमतीनं विचारलं, माय, तुझ्यासमोर काय लिहू? तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, "तुह्या हातात पेन हाय. तुले जे कराचं ते कर."

हेही उत्तर नव्हतंच. नियमानं गोल यायला पाहिजे होता. पण स्वतःच्या मायसमोर गोल काढून मी कोणत्या तोंडानं बापूसाहेबांच्या खुर्चीवर बसणार होतो? मी बरोबरची खूण केली. जरा मोठीच केली.

मतदानाचा दिवस. आमचं केंद्र पुऱ्याजवळच्या अंगणवाडीत. टेबल कायद्याप्रमाणे लांब, रस्त्याच्या कडेला. मी यादी घेऊन बसलो. मत देऊन जो येईल त्याच्या नावाखाली रेघ. दर दोन तासांनी पिंटूभाऊंना फोन करून टक्केवारी सांगायची. आत बसलेल्या कर्मचाऱ्यांचा आकडा आणि माझा आकडा जुळला की मला आनंद व्हायचा.

दुपारी ज्यांच्या नावाखाली रेघ नव्हती ती नावं वेगळी काढली, आणि मी ऑटो घेऊन निघालो. एका बाईला ताप होता, तिला उठवलं. वामनआजांना चालता येत नाही. त्यांना लाल खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलून केंद्रात नेली. लोक टाळ्या वाजवत होते, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. सुमनकाकू दुसऱ्या गावाच्या शिवारात कापूस वेचत होत्या. तिथपर्यंत गेलो. कापसाची ओटी पोटाशी बांधलेली, तशाच ऑटोत बसल्या. वाटेत म्हणाल्या, "माह्यं मत मी विसरत नाही. मले आणाले यायची काय गरज होती?" मी म्हटलं, काकू, टक्केवारी वाढवायची आहे.

आमच्या केंद्राची टक्केवारी जिल्हा परिषदेच्या गटात सगळ्यात वर गेली. पेपरात गावाचं नाव आलं. मतदारांमध्ये प्रचंड उत्साह, असं लिहिलं होतं. ते कात्रण मी वहीत ठेवलं होतं. आता कुठल्याही निवडणुकीत असा आकडा वाचला की मी आधी विचार करतो, यातली किती माणसं स्वतःच्या पायानं आली असतील, आणि टेबलावर बसून रेघा कोण मारत असेल.

निकाल लागला. वहिनी पडल्या. थोडक्यात पडल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोजणीत एकेका केंद्राचं यंत्र उघडतं. प्रत्येक उमेदवाराचा माणूस समोर कागद घेऊन बसलेला असतो. त्यामुळं कोणत्या वस्तीनं काय केलं ते तासाभरात उघडं पडतं. झाकलेलं राहतं ते फक्त एकेका माणसाचं. आमच्या अंगणवाडीच्या यंत्रातून वहिनींना जी मतं निघाली ती माझ्या बरोबरच्या खुणांच्या निम्मीही नव्हती.

बापूसाहेबांना ते एकेका माणसाचं उघडायचं होतं. म्हणून ती सकाळ.

रघू नावाचा त्यांचा गोठ्यावरचा गडी उजाडल्यापासून पुऱ्यात फिरला. बापूसाहेबांनी बोलावलं, साऱ्यांनी या. लोक गेले. का गेले असं शहरातला माणूस विचारील. कापूस वेचायला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, ते त्या अंगणात ठरतं. म्हणून गेले. मायही गेली. बाया फाटकाजवळ उभ्या राहिल्या, पुरुष लिंबाखाली.

मला खुर्चीवरून उठवल्यावर पिंटूभाऊंनी यादी माझ्याच हातात दिली. माझी फुलस्केप पानं, पट्टीच्या रेघा, माझं चांगलं अक्षर. बापूसाहेब ओसरीत बसले होते. चिडलेले दिसत नव्हते. ते मला जास्त भीतीचं वाटलं.

त्यांनी रघूला गोदामात पाठवलं. रघू एक फोटो घेऊन आला. काचेचा, चौकटीतला. निळा कोट, हातात पुस्तक. आमच्या प्रत्येक घरात असतो तो फोटो. हा मात्र मी ओळखला. चौकटीच्या खाली आमच्या पुऱ्याचं नाव होतं. जयंतीला बापूसाहेब पाहुणे म्हणून आले होते तेव्हा आम्हीच तो त्यांना भेट दिला होता. त्या दिवशी मी भाषण केलं होतं. तेव्हापासून तो गोदामात होता, हे आम्हाला आत्ता कळलं.

अंगणात सरकीच्या ढेपीचं पोतं होतं, गुरांसाठी आणलेलं. रघूनं फोटो त्या पोत्यावर ठेवला. आडवा.

बापूसाहेब म्हणाले, "तुमचा देव हाय ना हा? याच्यावर हात ठेवा अन् सांगा मत कोणाले देल्लं. एकेक जण. प्रोफेसर, नावं वाच."

मी वाचलं. हे मला लिहायलाच पाहिजे. मी नावं वाचली.

पहिलं नाव वामनआजांचं आलं. त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. ते वाकले. हात काचेवर ठेवला. म्हणाले, "तुमालेच देल्लं, बापूसाहेब." आणि हात पटकन काढून घेतला, भाजल्यासारखा. काचेवर बोटांचे ठसे राहिले. आजांनी नंतर कोणाकडंही पाहिलं नाही. ते खरं बोलले की खोटं, मला माहीत नाही. मला ते जाणून घ्यायचंही नाही. पण त्या म्हाताऱ्या माणसानं त्या फोटोवर हात ठेवला, आणि ठेवायला नाव मी पुकारलं होतं.

आणखी तीन जण झाले. तिघेही तेच बोलले. पिंटूभाऊ हसून म्हणाले, "साऱ्यानंच देल्लं म्हणता, मंग आमची बाई पडली कशी? मशीन खाऊन गेली का?" काही लोक हसले. आमच्यातलेही हसले.

पाचवं नाव सुमनकाकूंचं.

त्या पुढं आल्या. पोत्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. हात पदराखाली.

बापूसाहेबांनी मला विचारलं, "हिच्यापुढं काय खूण हाय?"

मी म्हटलं, गोल.

"जोरानं."

"गोल," मी म्हटलं.

सुमनकाकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या ओसरीकडं पाहून म्हणाल्या, "मत देतानी तिथं पुठ्ठ्याचा आडोसा काहून लावते मंग, बापूसाहेब? उघड्यावरच घ्यायचं होतं."

बापूसाहेब मला म्हणाले, आवाज न चढवता, जसं पाणी आणायला सांगतात तसं:

"प्रोफेसर, तू तिचा हात धर अन् ठेव फोटोवर."

मी पुढं गेलो. खरंच गेलो. पाय आपोआप चालले. तीन आठवडे ते त्या अंगणात सांगितलेलंच ऐकत होते. मी काकूंच्या समोर उभा राहिलो. मला त्यांचा हात पदराखाली मुठीसारखा आवळलेला दिसला. आणि खाली फोटो. काचेवर ढेपीचा भुसा आणि चार माणसांची बोटं.

त्या क्षणी मला माझं दोन पानांचं उत्तर आठवलं. खोटं सांगत नाही. सरांनी वाचून दाखवलेलं. मला एकदम कळलं की मी जे लिहून मार्क मिळवले होते तेच ही बाई, जिला सहीपुरतं लिहिता येतं, इथं उभी राहून वाचवत होती. आणि मी तिचा हात धरायला आलो होतो.

मी फोटो उचलला. शर्टाच्या बाहीनं काच पुसली. माझा आवाज फार बारीक निघाला. म्हटलं, "हे सांगाचं नसते."

पिंटूभाऊ म्हणाले, "काय म्हणतो बे?"

मी परत म्हटलं. आता थोडा मोठ्यानं. "मत कोणाले देल्लं हे सांगाचं नसते. कोणी इचाराचं बी नसते. हा फोटो आमचा हाय. मी नेतो."

आणि मी चालू लागलो. कोणी मला अडवलं नाही, मारलं नाही. मागून शिव्या आल्या, जातीसकट. फाटकाजवळ माय होती. ती माझ्या मागं निघाली. सुमनकाकू निघाल्या. मग आणखी काही. सगळे नाही. निम्म्याहून जास्त तिथंच उभे राहिले, आणि वामनआजा खाली बसले होते. मी त्यांना दोष देत नाही. मला अमरावतीला जायचं होतं, त्यांना तिथंच राहायचं होतं.

घरी आलो. आत कुठंतरी बरं वाटत होतं. आपण काहीतरी केलं असं. फोटो कुठं ठेवायचा ते कळेना, भिंतीवर आमचा होताच. मायनं पाणी दिलं. मी पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली.

"फोटो आणला ते बरं केलं," ती म्हणाली. "अन् यादी कुठी हाय?"

मी हाताकडं पाहिलं. फोटो उचलायला दोन्ही हात लागले होते. यादी मी पोत्यावर ठेवली होती.

मला हेच सांगायचं आहे. ज्यांना वाटत असेल की ही गोष्ट मी फोटो उचलला तिथं संपते, त्यांना. फोटो काचेचा होता. तसे बाजारात शंभर मिळतात. यादी एकच होती. घराघरानं लावलेली, माझ्या अक्षरातली, चौदा गोल असलेली. मी जी वस्तू वाचवायला पाहिजे होती ती त्यांना देऊन आलो होतो, आणि रस्ताभर मला शूर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मागायला गेलो. फाटकाच्या बाहेरूनच. पिंटूभाऊ म्हणाले, "कोणती यादी? ते तं कचऱ्यात गेली." ते इतक्या सहज म्हणाले की मला पटलं नाही. ज्यांच्या घरात तीन निवडणुकांपूर्वीची पत्रकंही बांधून ठेवलेली असतात, तिथं ही यादी एका दिवसात कचऱ्यात कशी जाईल?

पुऱ्यात माझं बोलणं-चालणं तसंच राहिलं, पण मी आलो की लोकांचं बोलणं बदलायचं. हातपंपावर, विहाराच्या पायरीवर. ते मला काही म्हणत नव्हते. मी फोटो आणला हे त्यांना माहीत होतं, नावं वाचली हेही माहीत होतं. कोणतं जास्त मोजायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. मीही ठरवलं नव्हतं. काहींना वेचणीला बोलावणं आलं नाही. काहींना आलं. ज्यांना आलं त्यांच्याकडं बाकीचे संशयानं पाहू लागले, की यानं नंतर जाऊन सांगितलं काय. शेजारी शेजाऱ्याचं मत मनातल्या मनात तपासू लागला. बापूसाहेबांना आणखी काही करायची गरजच नव्हती.

मी बडनेऱ्यावरून अमरावतीला परत आलो. फोटो बरोबर आणला. खोलीत लावला आहे. खाली आमच्या पुऱ्याचं नाव अजून आहे. त्याच्यासमोर बसून मी अभ्यास करतो, पण खरं म्हणजे यादीचाच विचार करतो. कुठं असेल, कोणाच्या टेबलावर असेल, कोण ती वाचत असेल. कधी वाटायचं, मी उगाच वाढवतोय. कागद तो कागद. निवडणूक संपली.

परवा दुपारी मायचा फोन आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर होतो. माय दुपारी कधी फोन करत नाही.

पुऱ्यात नोटिसा आल्या आहेत. तहसीलच्या. मतदार यादीचं काम पाहणाऱ्या शाळेच्या बाईंनी घरोघर आणून दिल्या. सदर मतदार गावात राहत नाही, कायमचा स्थलांतरित झाला आहे, म्हणून नाव कमी करावं, अशी हरकत आली आहे. सोमवारी पुरावे घेऊन हजर राहा, नाहीतर नाव निघेल. ग्रामपंचायतीची निवडणूक आता जवळ आली आहे. हरकत घेणारा एकच माणूस आहे. रघू. बापूसाहेबांच्या गोठ्यावरचा. रघू अंगठा लावतो हे अख्ख्या गावाला माहीत आहे. अर्जांवर सही आहे.

मायनं सांगितलं, सुमनकाकूंना नोटीस मिळाली तेव्हा त्यांनी त्या बाईंनाच विचारलं, "मी गावात राहत नाही म्हणता, मंग हा कागद तुमी कोणाच्या घरी आणून देल्ला?" बाई बिचाऱ्या खाली मान घालून पुढच्या घरी गेल्या.

मी विचारलं, माय, किती जणांना आल्या?

"चौदा."

मी तिथंच पायरीवर बसलो. मायला म्हटलं, तू नावं सांगू नको, मी सांगतो. नाल्याकडून सुरू केलं, विहारापर्यंत. वही नव्हती, लागलीही नाही. प्रत्येक नावाला माय व्हय म्हणाली. चौदा वेळा.

यादी कचऱ्यात गेली नव्हती.

मी मायला सांगितलं, मी रविवारी येतो. चौदाही जणांचं म्हणणं मी लिहून देईन, ज्याचं त्याला वाचून दाखवून. रेशनकार्ड, लाईटबिल, जे असेल ते लावू. आणि एक कागद माझा वेगळा. की ही नावं कोणी निवडली, कोणत्या यादीवरून निवडली, आणि ती यादी कोणाच्या अक्षरातली आहे. माझं अक्षर तपासून घ्या म्हणून सांगीन. यापुढं मी नावं लिहीन, हजार वेळा लिहीन, पण कोणाच्याही नावासमोर कसलीच खूण करणार नाही, आणि कोणी करत असेल तर तो कागद हातातून सोडणार नाही.

माय ऐकत होती. मला वाटलं, तिचं बोलून झालं. पण तिनं फोन ठेवला नाही.

"आपल्या घरी नाही आली," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. फोटो उचलणाऱ्या पोराच्या घरी नोटीस नाही. शेजारी सुमनकाकूंना आहे, पलीकडं आहे, समोर आहे. एक तर त्यांनी नुसते गोल उतरवून काढले असतील. नाहीतर मुद्दाम सोडलं असेल, पुऱ्यानं आमच्या दाराकडं पाहत राहावं म्हणून. मला हे दुसरं कारणच खरं वाटतं.

"तुनं माह्यापुढं बरोबरची खूण केली होती ना?" मायनं विचारलं.

मी व्हय म्हटलं.

"मले काहून नाही आली, ते सोमवारी तिथं साहेबापुढं सांगजो. साऱ्याइच्या समोर. घरात नोको सांगू."

मी सांगणार आहे. तिथं आवाज पुन्हा बारीक निघू नये, म्हणून आधी इथं लिहिलं.